पेशी वेगळ्या करायला कोटीचे यंत्रच लागते, हे कुणी ठरवले?

“आपल्याकडे सेल सॉर्टर नाही. तू विषय बदल.”

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी प्राणीशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या आमच्या एका कार्यकर्तीला तिच्या विभागात हे ऐकवण्यात आले. तिला काय करायचे होते? कापसावर फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकाचा शरीरातल्या प्रतिकाराच्या पेशींवर काय परिणाम होतो, हे तपासायचे होते. हा विषय तिने कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही. तिचे वडील हंगामात रोजाने फवारणीला जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा ती शाळेत होती. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात उतरणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो, आणि भूमिहीन म्हणजे कोण, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणजे प्रश्न आपल्या माणसांचा, विचारणारी आपली मुलगी, आणि उत्तर काय? यंत्र नाही म्हणून प्रश्नच बदल!

आमचे म्हणणे असे की हे उत्तर विज्ञान म्हणून चूक आहे आणि समाज म्हणून घातक आहे. ऊतीतून हव्या त्या पेशी वेगळ्या काढण्याच्या स्वस्त, साध्या आणि विश्वासार्ह पद्धती गेली कित्येक दशके अस्तित्वात आहेत. त्या आपल्या मुलांना शिकवल्या जात नाहीत, ही खरी अडचण आहे. आंबेडकरी तरुणांनी हा विषय ‘शास्त्रज्ञांचे काम’ म्हणून सोडून देऊ नये, म्हणून हा लेख.

यंत्राच्या आधी विज्ञान नव्हते काय?

सेल सॉर्टर हे यंत्र थोर आहे, यात वाद नाही. पेशी एकेक करून बारीक धारेतून जातात, त्यांच्यावर लेझरचा झोत पडतो, चमकणारा रंग चिकटलेली पेशी ओळखली जाते, तिच्या थेंबाला विद्युतभार दिला जातो आणि तो थेंब वेगळ्या नळीत वळवला जातो. १९६५ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉसमध्ये मॅक फुलवायलर यांनी पेशींचे थेंब असे वेगळे करून दाखवले. पुढे स्टॅनफर्डमध्ये लिओनार्ड हर्झनबर्ग यांच्या गटाने त्याला चमकणाऱ्या रंगांची जोड दिली. आज या यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते. त्यावर देखभालीचा करार, चालवणारा प्रशिक्षित माणूस आणि महागडे रंग हा खर्च वेगळा.

पण १९६५ च्या आधी लोक काय करत होते? ज्या भक्षक पेशींचा, म्हणजे मॅक्रोफेजचा, अभ्यास आमच्या या मुलीला करायचा होता, त्यांचे काम पहिल्यांदा ओळखले ते इल्या मेचनिकॉफ यांनी, १८८२ साली, इटलीतल्या मेसिना शहरात. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला आणि काट्याभोवती पेशी गोळा होताना सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. एक काटा, एक सूक्ष्मदर्शक आणि एक नेमका प्रश्न. १९०८ चे नोबेल त्यांना प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळाले. १९१६ साली पेटन राउस आणि जोन्स यांनी ट्रिप्सिन हे पचनाचे विकर वापरून ऊतीतून सुट्या, जिवंत पेशी मिळवण्याची पद्धत मांडली. आजही जगभरच्या प्रयोगशाळा ट्रिप्सिन वापरतात.

तेव्हा ‘यंत्र नाही म्हणून काम नाही’ असे म्हणणाऱ्याने आधी आपल्याच विषयाचा इतिहास वाचावा.

पेशी ओळखायची कशी?

सगळ्या पद्धतींच्या मुळाशी एकच साधा विचार आहे. हवी ती पेशी इतर पेशींपेक्षा कशात वेगळी आहे, ते शोधा आणि त्या फरकाला कामाला लावा. जड-हलकी असेल तर घनता. चिकट असेल तर चिकटपणा. नाजूक असेल तर नाजूकपणा. अंगावर एखादे खास प्रथिन असेल तर त्याला धरणारी अँटिबॉडी.

पहिले काम ऊती सुटी करण्याचे. यकृत, स्नायू, त्वचा यांत पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून बारीक चिरून ट्रिप्सिन किंवा कोलॅजिनेजसारखे विकर लावावे लागते. प्लीहा मात्र मऊ असते. तिचे तुकडे जाळीवर ठेवून सिरिंजच्या दट्ट्याने हळुवार दाबले की पेशी खालच्या द्रावात उतरतात. त्यासाठी विकत मिळणारी एकदा वापरून फेकायची गाळणी महाग पडते. पण २०० नंबरच्या चाळणीचे भोक सुमारे ७५ मायक्रॉनचे असते, आणि तेवढीच बारीक नायलॉनची जाळी मीटरवर मिळते. कापा, निर्जंतुक करा, वापरा.

दुसरे काम नको त्या पेशी घालवण्याचे. प्लीहेत तांबड्या रक्तपेशी भरपूर. त्या घालवायला अमोनियम क्लोराइडचे द्रावण लागते, लिटरला साधारण आठ ग्रॅम आणि सोबत थोडा पोटॅशियम बायकार्बोनेट. काही मिनिटांत तांबड्या पेशी फुटतात आणि पांढऱ्या टिकतात. अमोनियम क्लोराइड म्हणजे काय माहीत आहे? नवसागर! कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो तोच. प्रयोगशाळेला शुद्ध प्रतीची बाटली घ्यावी लागते हे खरे, पण तीही कुठल्याही कॉलेजला परवडते.

तिसरे काम निवडीचे, आणि पद्धतींची खरी श्रीमंती इथे आहे.

मॅक्रोफेज प्लास्टिकला चिकटतात. सुट्या केलेल्या पेशी पेट्री डिशमध्ये ३७ अंशांवर दोनेक तास ठेवा, मग कोमट द्रावाने हलक्या हाताने धुवा. न चिकटलेल्या लिम्फोसाइट धुऊन जातात आणि तळाला मुख्यतः भक्षक पेशी राहतात. आमच्या कार्यकर्तीला हव्या होत्या त्या याच! म्हणजे जिच्यासाठी कोटीचे यंत्र नाही म्हणून विषय बदलायला सांगितले गेले, ती पेशी एका प्लास्टिकच्या बशीत आपणहून वेगळी होते.

रक्तातल्या एककेंद्रकी पेशी हव्या असतील तर घनता उपयोगी येते. नॉर्वेच्या अर्ने ब्योयुम यांनी १९६८ साली ही पद्धत रूढ केली. मिलिलिटरला १.०७७ ग्रॅम घनतेच्या द्रावावर रक्त अलगद सोडायचे आणि सेंट्रिफ्यूजमध्ये संथ फिरवायचे. तांबड्या पेशी तळाला जातात, हव्या त्या पेशींचा पांढुरका पट्टा मधोमध तरंगतो.

नेमका एकच प्रकार हवा असेल, तर १९७८ साली वायसॉकी आणि सातो यांनी दाखवलेली ‘पॅनिंग’ची पद्धत आहे. बशीच्या तळाला अँटिबॉडीचा लेप द्यायचा, वरून पेशी सोडायच्या, ओळख पटलेल्या पेशी तळाला धरल्या जातात, बाकीच्या वाहून जातात. हे नावच सोने धुण्याच्या कामावरून आले आहे. सराफकट्ट्यासमोरची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही पद्धत एका वाक्यात समजेल. यात अँटिबॉडीचा खर्च आहे, पण तो हजारांतला आहे, कोटींतला नाही.

मेंढीच्या रक्तपेशी माणसाच्या टी-पेशींना चिकटून फुलासारखा गुच्छ करतात, या गुणावर १९७० च्या दशकात टी-पेशी वेगळ्या काढल्या जात. कर्करोगाच्या काचपट्टीवरचा नेमका भाग लेझरने कापून घेणारे यंत्र अमेरिकेत १९९६ साली पुढे आले. पण अनेक तपासण्यांसाठी तोच भाग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने किंवा पात्याने खरवडून घेतला तरी भागते. डोळा आणि हात तयार हवा, एवढीच अट.

‘गरिबांसाठी गरीब विज्ञान’?

आता आमच्यातलेच काही जण विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे: “त्यांना कोटीचे यंत्र आणि आपल्याला चाळणी-नवसागर? हीसुद्धा एक वर्णव्यवस्थाच नाही काय?”

हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. स्वस्त पद्धतींना मर्यादा आहेत. प्लास्टिकला चिकटणाऱ्या पेशींत थोड्या इतरही राहतात. घनतेच्या पट्ट्यात टी, बी आणि मोनोसाइट एकत्र असतात. हजारात एखादी आढळणारी पेशी हवी असेल, किंवा एकाच वेळी पाच-सहा खुणा पाहून निवड करायची असेल, तर सॉर्टरला पर्याय नाही. मनू प्रकाश यांच्या गटाने २०१७ साली बटण-दोऱ्याच्या खेळण्यावरून केलेले वीस सेंटचे कागदी सेंट्रिफ्यूज आपल्याकडे फार मिरवले जाते. त्याने दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा होतो, हे मोठे काम आहे. पण ब्योयुमच्या पद्धतीला अर्धा तास एका संथ गतीने फिरणारे साधे सेंट्रिफ्यूजच हवे. स्वस्ताईच्या नावाखाली कुणी सरकारी कॉलेजला तेवढेही नाकारत असेल, तर त्याला आमचा विरोध आहे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. पद्धत प्रश्नावरून ठरावी, विद्यार्थ्याच्या जातीवरून किंवा कॉलेजच्या पत्त्यावरून नाही. आणि स्वस्त पद्धतीने काढलेल्या पेशींना महागड्या यंत्राइतकीच कडक परीक्षा द्यावी लागते. पेशी किती मिळाल्या? न्यूबाउअर चेंबरमध्ये मोजा. जिवंत किती? ट्रिपॅन ब्ल्यू लावा. मेलेल्या निळ्या पडतात. हव्या त्याच किती? जिएम्सा रंग देऊन आकार पाहा, आणि त्यांना त्यांचे काम करायला लावा. मॅक्रोफेज असेल तर ती बेकरीतले यीस्ट गिळेल; गिळलेले कण मोजता येतात. या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता आली, तर चाळणीतून आलेल्या निष्कर्षाला कुणी कमी लेखू शकत नाही. देता आली नाहीत, तर कोटीच्या यंत्रातून आलेला निष्कर्षही कवडीमोल.

हात आणि डोके यांची फारकत

मूळ दुखणे आणखी खोल आहे. या देशात ज्ञान डोक्यात असते आणि हात घाण करतात, असे मानणाऱ्या व्यवस्थेने हजारो वर्षे राज्य केले. रक्त, मांस, कातडी यांना हात लावणारा अस्पृश्य ठरला, आणि शरीराला हात न लावता शरीराबद्दल बोलणारा पंडित. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी मृतदेहाचे विच्छेदन केले, तेव्हा ती ऐतिहासिक घटना ठरली. का? कारण उच्चवर्णीय हात प्रेताला लागला! ज्यांचे हात पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरे ओढत होते, त्यांच्या स्पर्शाची नोंद कुणी केली नाही.

१९०७ च्या सुमारास जर्मनीत ओटो रोम यांनी कातडी मऊ करण्यासाठी स्वादुपिंडातली विकरे वापरायला सुरुवात केली. त्याआधी युरोपातले चर्मकार त्यासाठी कुत्र्याची आणि कबुतराची विष्ठा वापरत. राउस आणि जोन्स यांनी ऊती सुटी करायला वापरलेले ट्रिप्सिन स्वादुपिंडातलेच. म्हणजे चामड्याच्या कारखान्यात जे रसायन घडते, त्याचे जवळचे नाते पेशी-प्रयोगशाळेशी आहे. एकाला ‘हलके काम’ म्हटले, दुसऱ्याला ‘बायोटेक्नॉलॉजी’.

यातून कुणी ‘आपले पारंपरिक काम किती महान’ असा अर्थ काढू नये. बाबासाहेबांनी महाडला मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले, ते योग्यच होते. लादलेल्या कामात गौरव नसतो. आमचे म्हणणे इतकेच की हाताच्या कौशल्याला तुच्छ लेखणारी नजर आजही आपल्या विज्ञान विभागांत बसली आहे. तिला वाटते, यंत्राचे बटण दाबणे म्हणजे विज्ञान, आणि चिरणे, गाळणे, धुणे म्हणजे परिचराचे काम.

या मुलीला मार्ग कुणी दाखवला? एका निवृत्त प्रयोगशाळा परिचराने. त्यांनी तरुणपणी एका संशोधकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे प्लीहा गाळली होती, पेशी मोजल्या होत्या. त्यांचे नाव कुठल्याही शोधनिबंधावर नाही. ते म्हणाले, “पोरी, धुताना धार बशीच्या कडेवर सोड, मधोमध नको. पेशी उठून जातात.” हे वाक्य आम्हांला कुठल्या पुस्तकात आढळले नाही. खाटकाकडून ताजी बोकडाची प्लीहा बर्फात आणली, आणि तिसऱ्या प्रयत्नात बशीच्या तळाला पेशींचा स्वच्छ थर दिसला. निष्कर्ष अजून तपासायचे आहेत, घाई नाही. पण विषय बदललेला नाही.

हा प्रश्न आपल्या जगण्याचा आहे

कुणाला वाटेल, चळवळीपुढे इतके प्रश्न असताना पेशींचे काय घेऊन बसलात? मग सिकलसेलचे बोलू. विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत हा आजार घरोघरी माहीत आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावरच्या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर. त्या उपचारातल्या पहिल्या पायऱ्यांपैकी एक कोणती? रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी नेमक्या वेगळ्या काढणे. आजार आपल्या वस्तीत आणि पेशी वेगळ्या करण्याची विद्या सातासमुद्रापार! रुग्णाच्या शरीरात परत सोडायच्या पेशी चाळणी-बशीने काढता येत नाहीत; तिथले नियम कडक आहेत आणि असलेच पाहिजेत. पण उद्या हा उपचार इथे स्वस्त करायचा असेल, तर पेशी हाताळणारी, त्यांचा स्वभाव ओळखणारी शेकडो माणसे लागतील. ती कुठून येणार? ज्यांना एम.एस्सी.ला ‘विषय बदल’ सांगितले गेले, त्यांच्यातून?

आणखी एक इशारा. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब काळ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ‘हेला’ या नावाने त्या जगभर वाढल्या, विकल्या गेल्या. एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ साली, बहात्तर वर्षांनी. ज्यांच्याकडे पेशींची विद्या नसते, त्यांच्याकडे फक्त पेशी असतात. त्या इतरांनी न्यायच्या. सरकारी दवाखान्यात नमुना देणारा आपला माणूस कशावर अंगठा करतो, हे वाचून सांगणारे आपले लोक प्रयोगशाळेच्या आतही असले पाहिजेत. आणि आपल्या मुलांनीही हे पाळायचे: माणसाच्या नमुन्यावरचे काम संमती, नैतिक समितीची परवानगी आणि सुरक्षेच्या सोयींशिवाय करायचे नाही.

मागण्या आणि जबाबदारी

१९२७ च्या मार्च महिन्यात, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या काही दिवस आधी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. उच्च शिक्षण खालच्या वर्गांसाठी शक्य तितके स्वस्त करा, अशी त्यांची मागणी होती. तळ्याचे पाणी आणि शिक्षण, एकाच महिन्यात. आम्ही ही मागणी आज प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेतो.

१) प्रत्येक जिल्ह्यातल्या किमान एका सरकारी विज्ञान महाविद्यालयात पेशीकामाची मूलभूत सोय असावी: साधे सेंट्रिफ्यूज, ३७ अंशांचा इन्क्युबेटर, उलटा सूक्ष्मदर्शक, निर्जंतुकीकरणाची सोय.

२) जनतेच्या पैशातून घेतलेला सेल सॉर्टर ज्या संस्थेत असेल, तिथे बाहेरच्या विद्यार्थ्याला ठरलेल्या माफक दरात वेळ मिळावी, आणि कुणाला किती वेळ मिळाली ते जाहीर व्हावे.

३) एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात घनता, चिकटपणा आणि पॅनिंग या पद्धती प्रत्यक्ष करून दाखवणे सक्तीचे असावे. फळ्यावर आकृती काढून भागवू नये.

४) फेलोशिपचे पैसे वेळेवर मिळावेत. पेशी चार तास थांबत नाहीत. विद्यार्थ्याने चार महिने का थांबावे?

आणि आपली जबाबदारी? विज्ञान शाखेत पुढे गेलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या पद्धती मराठीत, पायरीपायरीने लिहून काढाव्यात, फसलेल्या प्रयत्नांसकट. जयंतीच्या वर्गणीतला छोटा हिस्सा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याच्या रसायनांसाठी बाजूला काढावा. निवृत्त परिचरांना शोधून त्यांच्याकडून हाताची विद्या शिकून घ्यावी, आणि शोधनिबंधात त्यांचे आभार नावानिशी मानावेत.

यापुढे कुणी ‘यंत्र नाही, विषय बदल’ म्हणाले, तर आपल्या मुलांनी शांतपणे विचारावे: “सर, ही पेशी इतरांपेक्षा वेगळी कशात आहे?” उत्तर मिळाले तर पद्धत सापडेल. मिळाले नाही, तर अडचण यंत्राची नव्हती हे तरी सगळ्यांना कळेल.

जय भीम!